चेहरा कुठे मोडायचा, कुठे जपायचा: अभिव्यक्तिवादी व्यक्तिचित्रातली ओळख आणि परकेपण

ब्रिटिश चित्रकार फ्रान्सिस बेकनने 1969 साली आपला चित्रकार मित्र ल्युशन फ्रॉइड याची तीन चित्रं एकाशेजारी एक अशी रंगवली. तिन्हींत चेहरा पिळवटलेला आहे. गाल, नाक, जबडा एकमेकांत घुसलेत. तरी फ्रॉइडचे त्या काळचे फोटो ज्याने पाहिलेत तो फार वेळ न घेता सांगतो की हा तोच माणूस.

हे जमतं कसं? माणूस ओळखताना आपण नाकाचा नेमका आकार फारसा पाहत नाही. आपली नजर अंतरं मोजते: भुवई आणि पापणीमधली जागा, नाकाच्या टोकापासून वरच्या ओठापर्यंतचा टप्पा, कपाळावरची केसांची रेघ, कानाची पाळी आणि खांद्यामधली फट. शिवाय डोकं मानेवर कसं बसलंय, हेही नजर टिपते. म्हणूनच ओळखीचा माणूस लांबून पाठमोरा दिसला तरी कळतो. यांतल्या तीन-चार गोष्टी शाबूत ठेवल्या की उरलेल्या चेहऱ्याचं काहीही केलं तरी चालतं. बेकन नेमकं हेच करत असे.

‘भावना ओतून काढलेला वेडावाकडा चेहरा’ ही अभिव्यक्तिवादी व्यक्तिचित्राची व्याख्या सर्रास ऐकू येते आणि ती अर्धवट आहे. वेडावाकडा चेहरा कुणालाही काढता येतो. चित्र उभं राहतं ते साम्य कुठे राखलं आणि कुठे मोडलं, या निवडीवर. ओळख आणि परकेपण हे जड वाटणारे शब्दही इथेच जमिनीवर येतात. मोडतोड कुणाच्या चेहऱ्याची झाली, ती कुणी केली आणि तिचा भुर्दंड कुणाला पडला, एवढं विचारलं की बहुतेक चित्रं आपोआप बोलू लागतात.

मोडतोड कुठून आली

1905 साली ड्रेस्डेनमध्ये वास्तुशास्त्र शिकणारी चार मुलं एकत्र आली आणि त्यांनी ‘ब्रुक्के’ म्हणजे ‘पूल’ नावाचा गट काढला. जर्मन अभिव्यक्तिवादाचा हा आरंभीचा गट. किर्चनर, हेकेल, श्मिट-रोटलुफ आणि ब्लाइल ही ती चार मुलं. शाळेत शिकवलेलं गुळगुळीत रेखाटन त्यांना नको होतं. त्यांना हवा असलेला रांगडेपणा त्यांना शहरातल्या मानववंश संग्रहालयात सापडला. आफ्रिकेतली आणि पॅसिफिक बेटांवरची कोरीव कामं तिथे मांडून ठेवलेली होती. टोकदार हनुवट्या, बदामी डोळे, चेहऱ्याचे सपाट पैलू, हे सगळं तिथून त्यांच्या चित्रांत आलं.

पहिली गोची इथेच आहे. ती कामं ज्या लोकांची, त्यांच्याविषयी या चित्रकारांना फारशी माहिती नव्हती. ती वसाहतींतून गोळा होऊन आली होती आणि तरुण जर्मन चित्रकारांना त्यांत ‘निसर्गाच्या जवळचा माणूस’ दिसत होता. परक्याचा चेहरा त्यांनी स्वतःला मोकळं करण्यासाठी वापरला. परका मात्र चित्रात परकाच राहिला. किर्चनरने मिली आणि सॅम नावाच्या दोन कृष्णवर्णीय मॉडेल्सना रंगवलं. त्यांची आडनावंसुद्धा आज माहीत नाहीत.

त्याच किर्चनरने 1915 साली स्वतःला सैनिकाच्या गणवेशात रंगवलं. तोंडात सिगरेट, डोळे रिकामे आणि उजवा हात मनगटापासून तुटलेला. प्रत्यक्षात त्याचा हात शाबूत होता. लढाईवर जाण्याआधीच तो मानसिकदृष्ट्या कोलमडला आणि सैन्यातून सुटला. चित्र काढणारा हातच चित्रात तोडून टाकायचा, ही मोडतोड वेगळ्या जातीची आहे, कारण घाव स्वतःवर घेतलाय.

याच्या नऊ वर्षं आधी, 1906 मध्ये, जर्मन चित्रकर्ती पाउला मोडरसोन-बेकरने पॅरिसमध्ये आपलं उघड्या अंगाचं आत्मचित्र काढलं. त्यात ती गरोदर दिसते. तेव्हा ती गरोदर नव्हती. आपण कोण आहोत यापेक्षा आपण कोण होऊ शकतो हे तिने शरीरावर चढवून पाहिलं.

मग मोडलेल्या चेहऱ्याचा उलटा वापरही झाला. पाउल शुल्झे-नाउम्बुर्ग या वास्तुविशारदाने 1928 साली एका पुस्तकात आधुनिक व्यक्तिचित्रं आणि अपंग, आजारी माणसांचे फोटो शेजारी शेजारी छापले. अशी चित्रं काढणारे आणि अशी माणसं दोन्ही ‘बिघडलेली’, असा त्याचा युक्तिवाद होता. 1937 मध्ये म्युनिकला ‘अधःपतित कला’ हे कुप्रसिद्ध प्रदर्शन भरलं, ते याच विचारावर. सुमारे 650 कलाकृती, दाटीवाटीने टांगलेल्या, भिंतींवर टिंगल करणारी वाक्यं. अभिव्यक्तिवादी चित्रकार एमिल नोल्डे नाझी पक्षाचा सदस्य होता, पण त्याचीही चित्रं त्यातून सुटली नाहीत. ऑस्ट्रियन चित्रकार ऑस्कर कोकोश्काने त्याच वर्षी हाताची घडी घातलेलं आत्मचित्र रंगवून त्याला ‘एका अधःपतित कलाकाराचं आत्मचित्र’ असं नाव दिलं. लावलेलं लेबल उचलून छातीवर मिरवणं, ही पुढच्या पिढ्यांनी वारंवार वापरलेली युक्ती आहे.

परका कोण, हे नजर ठरवते

अमृता शेरगिल हिला रूढ अर्थाने अभिव्यक्तिवादी म्हणता येणार नाही. पण या विषयावर तिचं एक चित्र टाळून पुढे जाणं बरोबर नाही. 1934 साली पॅरिसमध्ये तिने स्वतःला ताहितीच्या स्त्रीच्या रूपात रंगवलं. कंबरेवरचं अंग उघडं, हात समोर एकात एक, मागे एका पुरुषाची गडद सावली. ताहितीच्या स्त्रियांना युरोपीय नजरेसाठी फ्रेंच चित्रकार गोगँने रंगवलं होतं. वडील पंजाबी, आई हंगेरियन, मुक्काम पॅरिस, अशी ही मुलगी त्या स्त्रियांच्या जागी स्वतः जाऊन उभी राहते आणि बघणाऱ्याकडे पाहत नाही. ती दुसरीकडेच पाहते. बघणाऱ्याला जे हवं असतं तेच नेमकं ती देत नाही.

म्हणून व्यक्तिचित्र पाहताना किंवा काढताना पहिला प्रश्न नजरेचा ठेवावा. दोन्ही बुबुळं समोर रोखलेली असतील तर चित्रातला माणूस आपल्याला जाब विचारतो. एक डोळा समोर आणि दुसरा किंचित बाहेर असेल तर आपण अस्वस्थ होतो, पण कारण सापडत नाही. डोळ्यातला चमकेचा पांढरा ठिपका काढून टाकला की माणूस आत वळल्यासारखा दिसतो. आणि बुबुळंच नसली तर चेहऱ्याचा मुखवटा होतो. हे चार बदल करून पाहायला पाच मिनिटं लागतात. एकाच रेखाटनाच्या चार छायाप्रती काढून प्रत्येकीवर फक्त डोळे बदलावेत. भारी सिद्धांतांपेक्षा यातून जास्त उमगतं.

फ्रान्सिस न्यूटन सूझाने डोळे थेट कपाळात नेले. 1947 मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभारणाऱ्यांपैकी तो एक. 1949 मध्ये तो लंडनला गेला आणि पन्नाशीच्या दशकात त्याने पाद्री, संत, सुटाबुटातले प्रतिष्ठित लोक रंगवले. जाड काळी बाह्यरेषा, उघडे दात, चेहऱ्यावर जाळीसारख्या आडव्या-उभ्या रेघा. वसाहतीतून आलेला माणूस साहेबाच्या राजधानीत बसून साहेबाचा चेहरा मोडतोय. ब्रुक्केच्या चित्रकारांनी दुबळ्याचा चेहरा घेतला होता, सूझाने बलवानाचा घेतला. रेषेचं तंत्र पुष्कळ जवळचं आहे, अर्थ मात्र उलटा झाला. त्याने स्त्रियाही अशाच निर्दयपणे रंगवल्या, हे मात्र विसरता कामा नये. तिथे ‘बलवानावर उगारलेली रेषा’ हा बचाव टिकत नाही.

मारिया लासनिग या ऑस्ट्रियन चित्रकर्तीने नजरच बाजूला ठेवली. शरीर बाहेरून कसं दिसतं यापेक्षा ते आतून कसं जाणवतं, ते ती रंगवायची. या पद्धतीला मराठीत शरीरभान म्हणता येईल. ज्या भागाची जाणीव होत नसे तो भाग ती चित्रातून वगळायची, म्हणून तिच्या कित्येक आत्मचित्रांत केस नाहीत, कवटीचा मागचा भाग नाही. 2005 मध्ये, पंच्याऐंशीच्या आसपास, तिने स्वतःला नग्न रंगवलं: एक पिस्तूल स्वतःच्या कानशिलाला, दुसरं थेट बघणाऱ्यावर. चित्राचं नाव ‘तू की मी’. परकेपणावर लिहिलेल्या जाडजूड निबंधांपेक्षा हे नाव जास्त सांगतं.

चिनी चित्रकार झेंग फानझीने 1994 पासून रंगवलेल्या मुखवट्यांच्या मालिकेत आणखी एक वाट दिसते. चेहऱ्यावर गुळगुळीत पांढरट मुखवटा, पण हात प्रचंड मोठे, लालसर, शिरा ताणलेले. चेहऱ्याने जे लपवलं ते हात सांगून टाकतात. भाव दाखवायला चेहराच लागतो असं नाही, ही गोष्ट शिकाऊ चित्रकाराने लवकर समजून घेतलेली बरी.

त्वचेचा रंग

इथे जरा थांबायला हवं, कारण ओळखीचं राजकारण आणि रंगांचं रसायन या जागी एकत्र येतात.

बाजारात ‘फ्लेश टिंट’ नावाची तयार ट्यूब बरीच वर्षं मिळत आली आहे. तिच्यातला रंग गुलाबीसर असतो. म्हणजे ‘माणसाच्या कातडीचा रंग’ कुणाचा धरायचा, हे कारखान्यातच ठरून गेलेलं असतं. ती ट्यूब वापरणारा गडद त्वचा रंगवायला बसला की तोच गुलाबी घेतो आणि त्यात काळा मिसळतो. परिणाम राखेसारखा, मेलेला. काळा रंग लाल-पिवळ्यातला जिवंतपणा गिळतो आणि वर पांढरा आला की खडूसारखी साय दिसते. गडद त्वचेची किती तरी व्यक्तिचित्रं निर्जीव वाटतात त्यामागे चित्रकाराचा हेतू नसतो, चुकीचं मिश्रण असतं. पाहणाऱ्याला मात्र तो माणूसच निर्जीव वाटतो.

गडद त्वचेचा पाया बर्न्ट सिएना (भाजलेल्या मातीचा लालसर तपकिरी) आणि अल्ट्रामरीन निळ्यावर उभा करावा. साधारण दोन भाग सिएना आणि एक भाग निळा घेतला तर जवळजवळ तटस्थ गडद रंग मिळतो. तीन भाग सिएना घेतला की ऊबदार तपकिरी. कंपनीगणिक रंगाची ताकद बदलते, म्हणून आधी कागदावर पाच-सहा पट्ट्या काढून बघाव्यात. सावलीत थोडा अलिझरीन किंवा गडद लाल घातला तर सावली ऊबदार राहते. चमकेच्या जागी कोरा पांढरा ठेवू नये. गडद त्वचेवरची चमक आसपासचा उजेड परत फेकते, त्यामुळे खिडकीचा उजेड असेल तर पांढऱ्यात चिमूटभर निळा किंवा जांभळा आणि पिवळ्या दिव्याखाली गेरूसारखा पिवळा मिसळावा. ही चमक फिकट त्वचेवरच्या चमकेपेक्षा छोटी आणि तिच्या कडा जास्त ठळक असतात. ती पसरट लावली की चेहरा तेलकट दिसतो.

फिकट त्वचेतही एकच रंग नसतोच. कपाळ पिवळसर, गाल-नाक-कान लालसर, जबडा आणि हनुवटी निळसर-हिरवट, हा जुना ठोकताळा बहुतेक चेहऱ्यांना थोड्याफार फरकाने लागू पडतो. अभिव्यक्तिवादी चित्रकार हेच तीन पट्टे घेऊन ताणतात. हिरवट जबडा खरोखर हिरवा होतो, लालसर कान शेंदरी होतो. उगाच कुठलाही रंग उचलला की चेहरा रंगीत दिसतो, पण पटत नाही. जिथे थोडा हिरवा होताच तिथे पुष्कळ हिरवा टाकला की पटतो.

अजून एक अट आहे. गडद-फिकटाचा क्रम बिघडता कामा नये. गाल निळा करा, जांभळा करा, पण तो मूळ जागी जितका उजळ होता तितकाच उजळ ठेवा. चित्राचा काळा-पांढरा फोटो काढून पाहावा. त्यात चेहरा घडीव दिसला तर रंगात वाटेल ती मुभा घेता येते. त्यात चेहरा फुटला असेल तर रंग कितीही धीट असला तरी चित्र पडतं.

अमेरिकन चित्रकार केरी जेम्स मार्शल अभिव्यक्तिवादी नाही, पण काळ्या रंगाचा धडा त्याच्याकडूनच घ्यावा. त्याच्या आकृती तपकिरी नसतात, थेट काळ्या असतात. तो हस्तिदंती काळा, कार्बन काळा आणि मार्स काळा असे वेगवेगळे काळे वापरतो आणि त्यांत निळा, हिरवा, जांभळा मिसळून त्यांच्या छटा वेगळ्या करतो. पांढरा मिसळून पाहिला की काजळीपासूनचा काळा निळसर करडा होतो आणि लोहापासूनचा मार्स काळा तपकिरीकडे झुकतो. या फरकावर अख्खा चेहरा घडवता येतो. लांबून सपाट काळा वाटणारा चेहरा जवळ गेल्यावर उघडत जातो, आणि बघणाऱ्याला जवळ यायला भाग पाडणं हाच त्याचा डाव आहे.

घानाचा चित्रकार आमोआको बोआफो, जन्म 1984, त्वचा बोटांनी रंगवतो. कपडे आणि पार्श्वभूमी सपाट असतात, त्वचेत मात्र निळ्या, तपकिरी, पिवळ्या रंगांचे वळसे दिसतात. तो व्हिएन्नात शिकला आणि ऑस्ट्रियन अभिव्यक्तिवादी चित्रकार एगॉन शीलेचा प्रभाव त्याच्या रेषेत दिसतो. बोट ब्रशपेक्षा कमी ताब्यात राहतं. रंग ढकलत जातं, दोन रंग अर्धवट मिसळतं आणि चर सोडतं. हे करून पाहायचं असेल तर नायट्राइलचे हातमोजे घालावेत. शिसं, कॅडमियम, कोबाल्ट असलेल्या ट्यूब त्या दिवशी लांब ठेवाव्यात. लेबलवर ‘ह्यू’ लिहिलेले पर्यायी रंग असतात, ते सहसा यासाठी बरे; तरी घटक वाचून घ्यावेत. हातमोजा पातळ असेल तरच चर नीट उमटतात.

शाईचा चेहरा

चित्रकर्ती मार्लेन ड्यूमास केपटाउनमध्ये 1953 साली जन्मली. वर्णभेदाच्या राजवटीत गोरी म्हणून वाढली आणि 1976 मध्ये नेदरलँड्सला गेली. ती समोर माणूस बसवण्याऐवजी फोटोंवरून काम करते. 1991-92 मध्ये तिने शाईत 111 कृष्णवर्णीय चेहरे काढले आणि त्यांच्यासोबत पाटीचा एक तुकडा लावला. एका नजरेत सगळं मिळून एक काळा चौकोन दिसतो. समोर उभं राहिलं की प्रत्येक चेहरा वेगळा होत जातो. घोळक्याला एकच चेहरा असतो असं समजणाऱ्या नजरेला दिलेलं हे उत्तर आहे, आणि ते मांडणीतून दिलंय.

तंत्र वरवर सोपं आहे. जलरंगाचा जाड कागद (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम) चारही बाजूंनी चिकटपट्टीने बसवायचा, चेहऱ्याचा भाग पाण्याने ओला करायचा आणि पातळ शाई सोडायची. तीन वाट्या तयार ठेवाव्यात: एकीत शाई आणि पाणी समसमान, दुसरीत एकास पाच, तिसरीत एकास वीस. सुरुवात सर्वांत पातळ शाईने, डोळ्यांच्या खोबण्या, नाकाखालची आणि हनुवटीखालची सावली अशा मोठ्या भागांपासून. पापण्या, नाकपुड्या, ओठांची मधली रेघ हे शेवटी, कागद जवळजवळ सुकल्यावर, गडद शाईने.

बिघडतं ते मधल्या वेळी. कागदाची चमक नुकतीच गेलेली असते, पण तो आतून ओला असतो. अशा वेळी पाणीदार शाई लावली की ती आधीचा रंग ढकलते आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग पडतात. गालावर एखादा डाग चालून जातो, बुबुळावर पडला तर चेहरा गेला. शाई सुकताना फिकट होते, म्हणून ओली असताना ‘जरा जास्तच गडद झाली’ असं वाटायला हवं. आणि सुकलेल्या शाईला खोडरबर नाही. जलरोधक शाई तर पाण्यानेही उठत नाही. त्यामुळे अशा चित्रांत दहातली सात-आठ बाजूला ठेवावी लागतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. ड्यूमासने बाजूला पडलेल्या चेहऱ्यांचीच ‘रिजेक्ट्स’ नावाची मालिका केली. नाकारलेली चित्रं आणि नाकारलेली माणसं, दोन्ही अर्थ तिला हवे होते.

तैलरंगाचा मांसल थर

फ्रॉइडने सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून क्रेम्निट्झ पांढरा वापरला. हा शिशाचा पांढरा. जड, दाट, दाणेदार. त्वचेला त्याने वजन येतं. विषारी असल्यामुळे शिकाऊंनी त्याच्या वाटेला जाऊ नये. टायटॅनियम पांढऱ्यात थोडं मेणाचं माध्यम घालून तसा दाटपणा पुष्कळसा साधतो. शुद्ध झिंक पांढरा जाड थरात टाळावा, कारण तो काही वर्षांत ठिसूळ होऊन तडकतो.

जाड थरांचा नियम जुना आहे: खाली कमी तेल, वर जास्त तेल. तैलरंग हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो; पाण्यासारखा उडून जात नाही. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, दुसरा ट्यूबमधून आला तसा, तिसऱ्यात थोडं जवसाचं तेल. उलटं केलं की वरचा थर आधी सुकतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात. तेलाचा थेंब सढळ पडला तर पृष्ठभागावर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या येतात. अंबर (umber) हे मातीचे तपकिरी रंग लवकर सुकतात, हस्तिदंती काळा रेंगाळतो, म्हणून खालच्या जाड थरात हा काळा नको. पाच मिलिमीटरचा गोळा वरून सुकल्यासारखा वाटला तरी आत कित्येक महिने ओला असतो. वॉर्निशची घाई करू नये. साध्या थरालाही सहा महिने ते वर्ष द्यावं.

चित्रकार फ्रँक आउअरबाख 1939 मध्ये, आठ वर्षांचा होण्याआधीच, बर्लिनहून इंग्लंडला पाठवला गेला. त्याचे आईवडील आउश्विट्झमध्ये मारले गेले. 2024 मध्ये त्याचं निधन झालं. त्याच त्या मोजक्या माणसांना तो वर्षानुवर्षं समोर बसवत असे, आणि बैठक संपल्यावर चित्र पटलं नाही तर रंग खरवडून काढून पुढच्या वेळी नव्याने सुरू करत असे. अंतिम चेहरा बऱ्याचदा एकाच बैठकीत, ओल्यावर ओला रंग लावत झालेला असतो. पण त्याच्यामागे खरवडलेल्या कितीतरी चेहऱ्यांचा सराव असतो. खरवडायचं तर त्याच दिवशी, रुंद पात्याच्या रंगसुरीने. दुसऱ्या दिवशी रंगाला साय धरते आणि कॅनव्हास फाटण्याची भीती असते. खरवडल्यावर मागे उरलेली फिकट छाया पुसू नये, पुढच्या चित्राचा तोच उत्तम आराखडा असतो.

बेकन कॅनव्हासच्या मागच्या, प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा हात) नसलेल्या बाजूवर रंगवायचा. कोरं कापड रंग शोषतं, फटकारा पुसता येत नाही, म्हणून प्रत्येक फटकारा धोक्याचा ठरतो. पण जवसाचं तेल कापडाचे धागे कुजवतं. तसा शोषक पृष्ठभाग हवा असेल तर पारदर्शक अॅक्रिलिक प्रायमरचा एक पातळ हात मारावा. कापड दिसतं आणि धागाही टिकतो.

आकारमानाचाही विचार हवा. खऱ्या डोक्याची उंची साधारण 22-23 सेंटिमीटर असते. बेकनची छोटी डोकी सुमारे 35 बाय 30 सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर आहेत, जवळजवळ खऱ्या मापाची. समोरासमोर भेट होते. ब्रिटिश चित्रकर्ती जेनी सॅव्हिलच्या 1992 च्या ‘प्रॉप्ड’मध्ये दोन मीटरहून उंच कॅनव्हासवर स्टुलावर बसलेली अवाढव्य देहाची स्त्री आपल्याला खालून वर दिसते, आणि तिच्या अंगावरून उलट्या अक्षरांत मजकूर कोरलेला आहे. ज्या शरीराला एरवी लपायला सांगितलं जातं, तेच इथे बघणाऱ्याला लहान करतं.

स्वतः करून पाहताना

आधी चाळीस मिनिटं कोळशाने प्रामाणिक रेखाटन करावं. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर, दोन डोळ्यांत साधारण एका डोळ्याचं अंतर, एवढं तरी तपासावं. मग त्या माणसाला ‘तो’ बनवणाऱ्या तीन गोष्टी कागदाच्या कडेला लिहाव्यात: उदाहरणार्थ, डावी भुवई उंच, वरचा ओठ लांब, मान पुढे झुकलेली. या तिन्हींना हात लावायचा नाही. उरलेल्यातली एकच गोष्ट निवडून ती मोडायची.

मोडायची तर सढळ हाताने. खऱ्या मापाच्या चेहऱ्यात डोळा अर्धा सेंटिमीटर खाली गेला तर पाहणारा म्हणतो, चुकलं. तीन सेंटिमीटर गेला तर म्हणतो, मुद्दाम केलंय. मधल्या पट्ट्यात सगळी नवशिकी चित्रं अडकतात. सगळं थोडं थोडं वाकडं केलं की व्यंगचित्रही होत नाही आणि व्यक्तिचित्रही.

दुसरं नेहमीचं दुखणं म्हणजे चिखल. ओल्या रंगात चौथा-पाचवा रंग घुसला की सगळं करडं-तपकिरी होतं. एका फटकाऱ्यात तीनपेक्षा जास्त रंग नकोत, दर दोन-तीन फटकाऱ्यांनी ब्रश पुसावा, आणि रंग लावल्यावर त्याच जागी परत घासू नये.

फोटोवरून काम करत असाल तर फोन चेहऱ्यापासून दीड-दोन मीटरवर धरून मग झूम करावं. हातभर अंतरावरून घेतलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे जातात. ही यंत्राने केलेली मोडतोड नकळत चित्रात येते. समोरून मारलेला फ्लॅश सगळ्या सावल्या खातो, तोही नको.

कुणाचा चेहरा घ्यायचा

2016 मध्ये डेना शुट्झ या गोऱ्या अमेरिकन चित्रकर्तीने एमेट टिलच्या शवपेटीतल्या चेहऱ्यावरून चित्र रंगवलं. टिल हा चौदा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. 1955 मध्ये मिसिसिपीत त्याला अमानुषपणे मारलं गेलं आणि जगाने पाहावं म्हणून त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवली. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या 2017 च्या द्वैवार्षिक प्रदर्शनात (बिएनाले) हे चित्र लागलं तेव्हा निदर्शनं झाली, ते नष्ट करा अशी मागणीही झाली. शुट्झचं म्हणणं होतं की तिने आईच्या दुःखाशी नातं जोडलं, आणि चित्र विकण्यासाठी नाही. नष्ट करण्याची मागणी पटण्यासारखी नव्हती. पण चित्राचा दोष तंत्रातही दिसतो. त्या मुलाचा चेहरा खुन्यांनी आधीच मोडला होता. त्यावर पुन्हा जाड रंगाची, चित्रकाराच्या शैलीची मोडतोड चढवली की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि हिंसेचा पुरावा पुसट होतो. आईने उघडं ठेवलेलं शैलीने झाकलं गेलं.

ब्रिटिश चित्रकर्ती लिनेट यिआडोम-बोआकी हा गुंता वेगळ्या वाटेने टाळते. तिच्या चित्रांतली कृष्णवर्णीय माणसं काल्पनिक असतात. काळ ओळखता येऊ नये म्हणून ती बहुतेकदा बूटही रंगवत नाही. कुणाचा चेहरा उसना घेतलेला नाही, तरी माणूस पूर्ण उभा राहतो.

खरा माणूस समोर बसणार असेल तर दोन गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात: चेहरा ओळखता येईल की नाही, आणि चित्र कुठे लागणार. तीन जपलेल्या गोष्टींची यादी त्यालाही दाखवावी. पुष्कळदा तो चौथी सुचवतो, आणि ती आपल्या तिन्हींपेक्षा नेमकी असते. बेकनला समोर माणूस नको असायचा, कारण त्याच्या देखत त्याच्या चेहऱ्याची मोडतोड करताना हात आखडतो असं त्याने मुलाखतीत सांगितलं आहे. हात आखडणं नेहमी वाईट नसतं.

ब्रुक्केच्या चित्रांतली ‘फ्रेंझी’ नावाची मुलगी अनेक दशकं फक्त टोपणनावाने ओळखली गेली. नव्वदच्या दशकात चर्चच्या नोंदवहीतून तिचं खरं नाव सापडलं: लीना फ्रांझिस्का फेरमान. 1909 च्या सुमारास ती मॉडेल म्हणून बसू लागली तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांची होती. तेव्हापासून ती चित्रं पाहताना रंगांइतकंच तिचं वयही डोळ्यांपुढे येतं, आणि ते यायलाच हवं.

चित्र पूर्ण झालं की कॅनव्हासच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख, वापरलेले रंग, माध्यम आणि प्रायमर लिहून ठेवतात; पुढे दुरुस्ती करणाऱ्याला ते लागतं. त्याच ओळीत, बसलेल्या माणसाची हरकत नसेल तर, त्याचं पूर्ण नावही लिहावं.